पालक बदलतात, शिक्षक राहतो: न्यू जर्सीतील शालेय फुटबॉलच्या स्वयंसेवेचा अनुभव

जून २०२४ मध्ये मी आमच्या हायस्कूलच्या फुटबॉल बूस्टर क्लबचे, म्हणजे संघासाठी निधी जमवणाऱ्या पालकांच्या संस्थेचे, अध्यक्षपद सोडले आणि कागदपत्रांच्या फायली पुढच्या अध्यक्षांच्या ताब्यात दिल्या. त्यानंतर इथल्या काही मराठी शिक्षिकांनी आणि पालकांनी जवळजवळ सारखेच प्रश्न विचारले. खेळ येत नसताना या कामात शिरता येते का, परवानग्या कोणाकडून घ्यायच्या, पैशांची जबाबदारी अंगावर येते का, आणि मुळात एवढा वेळ कुठून काढायचा? प्रत्येकीला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा घडले त्या क्रमाने लिहून ठेवावे असे वाटले. शाळेचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण यात विद्यार्थ्यांचे प्रसंग आहेत.

मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशा सामन्यांना उसळणारी गर्दी पाहत वाढले असले, तरी हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड घालून खेळला जाणारा अमेरिकी फुटबॉल मला लग्नानंतर इथे येईपर्यंत माहीत नव्हता. गणिताची पदवी आणि बी.एड. बरोबर होते, पण त्यांच्या बळावर थेट वर्गात उभे राहता येत नाही. आधी भारतातील गुणपत्रिकांचे मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन, मग गणिताची प्रॅक्सिस ही शिक्षकांसाठीची परीक्षा, काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शिक्षण कार्यालयात जाऊन शरीरशास्त्र आणि आरोग्य या विषयांची एक छोटी चाचणी, बोटांचे ठसे, आणि एवढे झाल्यावर पात्रतेचे प्रमाणपत्र. नोकरी लागल्यानंतर एका अनुभवी शिक्षिकेच्या मार्गदर्शनाखाली पहिले वर्ष काढले, आणि मग कायमस्वरूपी प्रमाणपत्र हाती आले. सप्टेंबर २०१३ मध्ये मी रुजू झाले. न्यू जर्सीत २०१२ च्या कायद्यानुसार शिक्षकाला सेवेत कायम होण्यासाठी चार वर्षे आणि वर एक दिवस लागतो, आणि त्या काळातील वार्षिक मूल्यमापनही चांगले असावे लागते. त्यामुळे सप्टेंबर २०१७ पर्यंत मी वर्गाबाहेरच्या कोणत्याही कामात डोके घातले नाही. नव्या शिक्षिकांनाही मी हेच सांगते. वर्गावर पकड बसल्यावर मैदानाचा विचार करावा.

फुटबॉलशी संबंध आला तो गुणांमुळे. एप्रिल २०१८ मध्ये माझ्या दुसऱ्या स्तराच्या बीजगणिताच्या वर्गातील एका विद्यार्थ्याविषयी विचारायला मुख्य प्रशिक्षक मधल्या सुटीत आले. मुलगा अकरावीत होता, संघात महत्त्वाच्या जागी खेळत होता आणि माझ्या विषयाबरोबर आणखी दोन विषयांत मागे पडला होता. राज्यातील शालेय क्रीडा स्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनजेएसआयएए या संघटनेचा नियम असा आहे की, शरद ऋतूतील खेळात भाग घेण्यासाठी विद्यार्थ्याने मागील शैक्षणिक वर्षात किमान ३० क्रेडिट, म्हणजे विषय उत्तीर्ण झाल्यावर जमा होणारे श्रेयांक, मिळवलेले असावेत. म्हणजे राज्याला पदवीसाठी लागणाऱ्या १२० क्रेडिटच्या पाव हिस्सा. नववीत नव्याने आलेल्यांना पहिल्या सत्रात ही अट लागू नसते, आणि उन्हाळी शाळेत मिळवलेले क्रेडिट हिशेबात धरले जातात. नियम सोपा आहे, पण तो पाळण्याची वेळ चुकीची निवडली जाते. बहुतेक संघांत पात्रतेची यादी ऑगस्टमध्ये पाहिली जाते, तेव्हा उन्हाळी शाळा संपलेली असते आणि कोणाच्याच हातात काही उरलेले नसते.

मी प्रशिक्षकांना सुचवले की ही यादी दरवर्षी फेब्रुवारीत आणि पुन्हा एप्रिलच्या अखेरीस तपासावी, आणि मागे पडलेल्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर एक तास अभ्यासिका चालवावी. ते लगेच म्हणाले, "तुम्ही कराल का?" मी होकार दिला. पुढे काय काय करावे लागणार आहे याची कल्पना त्या वेळी दोघांनाही नव्हती.

शाळेच्या आवारात शाळेच्याच शिक्षिकेने विनामोबदला शिकवायचे, यात अडचण ती काय, असे कोणालाही वाटेल. अडचणी तीन होत्या. पहिली शिक्षक संघटनेची. इथे प्रशिक्षणाच्या आणि शाळा सुटल्यानंतरच्या बऱ्याचशा कामांना करारानुसार ठरलेले मानधन असते, आणि एखाद्या सभासदाने तेच काम फुकट केले तर पुढच्या कराराच्या वेळी ते मानधनच धोक्यात येते. आमच्या इमारतीतील संघटनेच्या प्रतिनिधी मला शांतपणे म्हणाल्या की, हे काम मानधनाच्या यादीत नाही असे लेखी घेतल्याशिवाय सुरू करू नका. त्यांचे म्हणणे मला तेव्हा अति काटेकोर वाटले होते. आज मी तेच इतरांना सांगते. दुसरी अडचण गोपनीयतेची होती. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यार्थ्याचे गुण त्याच्याशी शैक्षणिक संबंध असलेल्या शाळेच्या व्यक्तीलाच पाहता येतात. माझ्या वर्गात नसलेल्या खेळाडूंचे गुण मी स्वयंसेवक म्हणून पाहू शकत नव्हते, म्हणून मुख्याध्यापकांकडून मला त्या कामासाठी नेमल्याचे पत्र घ्यावे लागले. तिसरी पायरी शिक्षण मंडळाची. स्वयंसेवकाचे नावसुद्धा मंडळाच्या मासिक बैठकीत ठरावाने मंजूर व्हावे लागते, आणि विषयपत्रिकेत नाव जाण्यासाठी अर्ज बैठकीच्या बराच आधी पोहोचावा लागतो. मे महिन्याची बैठक हुकली, जूनच्या बैठकीत ठराव झाला. ठसे आधीच नोंदलेले असल्याने ते पुन्हा द्यावे लागले नाहीत. शाळेत नोकरी नसलेल्या पालकाला मात्र त्यासाठी वेळ ठरवून केंद्रावर जावे लागते आणि शुल्कही स्वतः भरावे लागते, हे पालकांनी धरून चालावे.

तो मुलगा उन्हाळी शाळेत बसला, दोन विषय सोडवले आणि सप्टेंबरमध्ये खेळला.

ऑगस्ट २०१८ मध्ये सराव सुरू झाला तेव्हा मला अभ्यासिकेखेरीज अर्जांची तपासणीही देण्यात आली, कारण ॲथलेटिक डायरेक्टरांच्या, म्हणजे शाळेच्या क्रीडाप्रमुखांच्या कचेरीत हाताखाली माणूस नव्हता. एका खेळाडूमागे किती कागद असतात हे पालकांना पहिल्या वर्षी कळतच नाही. वैद्यकीय तपासणीचा अर्ज सरावाच्या पहिल्या दिवसापूर्वीच्या ३६५ दिवसांतला हवा. तो ९० दिवसांपेक्षा जुना असेल तर त्याबरोबर प्रकृतीविषयीची पुरवणी प्रश्नावली पालकांच्या सहीने हवी. कन्कशनची (डोक्याला मार लागून मेंदूला बसणाऱ्या धक्क्याची) माहितीपत्रिका, अचानक हृदय बंद पडण्याविषयीची पत्रिका, ओपिऑइड (अफूवर्गीय) वेदनाशामकांविषयीची पत्रिका आणि उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीला संमती, या प्रत्येकावर पालक आणि विद्यार्थी अशा दोघांच्या सह्या लागतात. हे सगळे गोळा झाल्यावर शाळेचे डॉक्टर अर्ज पाहून परवानगी देतात, आणि त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो. ज्या पालकांनी जुलैच्या मध्यापर्यंत अर्ज दिले त्यांची मुले पहिल्या दिवशी मैदानात होती. ऑगस्टमध्ये धावपळ करणाऱ्यांची मुले काही दिवस कुंपणाबाहेरून सराव बघत बसली. आपल्याकडच्या पालकांसाठी एक बारीक सूचना करते. उन्हाळ्यात भारतात जाऊन तिथल्या डॉक्टरांची सही घेऊन येऊ नका. अर्ज इथल्या ठरावीक नमुन्यात आणि इथल्या परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिकाकडूनच भरलेला लागतो.

नियमानुसार कन्कशनविषयीचा अभ्यासक्रम मीही पूर्ण केला. शालेय संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य आहे, आणि उष्माघात व हृदयविकाराविषयीचे वर्गही तसेच आहेत. सीपीआरच्या, म्हणजे हृदय बंद पडल्यास द्यायच्या प्रथमोपचाराच्या, प्रत्यक्ष वर्गाचे पैसे मात्र स्वतःच्या खिशातून भरले. ते प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, त्यामुळे संपण्याची तारीख लिहून ठेवावी. मी मैदानावर शिकवणार नव्हते, तरी हे वर्ग केले याचे समाधान आहे. ऑगस्टच्या दुपारी हेल्मेटमधल्या मुलाला उष्णतेचा त्रास कसा सुरू होतो हे शिकल्यावर सरावाचे वेळापत्रक वेगळ्या नजरेने दिसू लागते. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, तिसऱ्यापासून पाचव्या दिवसापर्यंत हेल्मेट आणि शोल्डर पॅड, आणि सहाव्या दिवशी सगळा साज. शरीराला उष्णतेची सवय व्हावी म्हणून हा क्रम असतो. कडेला बर्फाच्या पाण्याचा मोठा टब भरलेला असतो, कारण उष्माघातात आधी शरीर थंड करायचे आणि मग रुग्णवाहिकेत घालायचे असा दंडक आहे. हे पाहिल्यावर, हा खेळ बेफिकीर लोकांचा आहे ही माझी समजूत बरीच सैल झाली. पूर्ण गेली असे मात्र म्हणणार नाही.

त्याच हंगामात शुक्रवारच्या एका सामन्याला चेन क्रूमधला, म्हणजे कडेला साखळी घेऊन अंतर मोजणाऱ्या गटातला, एक माणूस आला नाही आणि मला केशरी जॅकेट घालून मैदानाच्या कडेला उभे करण्यात आले. या खेळात चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाऊनमध्ये, दहा यार्ड पुढे जायचे असते. ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्या आणि त्यांच्यामध्ये नेमकी दहा यार्डांची साखळी असते. तिसऱ्या माणसाकडे कितवा डाऊन आहे हे दाखवणारी पाटी असते. माझ्यातील गणिताच्या शिक्षिकेला भुरळ पडली ती साखळीवरच्या चिमट्याची. मागची काठी मैदानावर आखलेल्या कोणत्याच रेषेवर नसते, ती दोन रेषांच्या मध्ये कुठेतरी असते. चेंडू मैदानाच्या मध्यभागी पडला आहे आणि मोजमाप करायचे आहे, तर साखळी तिथे नेताना तिची मूळ जागा हरवणार नाही हे कसे पाहायचे? यासाठी साखळी लावतानाच, मागच्या काठीजवळची जी पाच यार्डांची रेषा साखळीखालून जाते, नेमक्या त्या रेषेवर साखळीला एक चिमटा लावून ठेवतात. मोजायच्या वेळी पंच तो चिमटा हातात धरून मैदानात जातात, त्याच रेषेवर टेकवतात, आणि मग पुढची काठी ताणली जाते. काठ्या जागेवरून हलल्या तरी मोजमाप हलत नाही. चार इंचांनी डाऊन हुकलेला मी जवळून पाहिला आहे, आणि दोन्ही बाकांवरच्या कोणीही वाद घातला नाही, कारण चिमटा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टेकवला होता. पुढच्या वर्षापासून निर्देशांक भूमितीच्या तासाला मी हे उदाहरण घेऊ लागले.

हे काम स्वीकारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. साखळी धरणारा कोणत्याही संघाच्या बाजूने ओरडत नाही, टाळीसुद्धा वाजवत नाही. आणि खेळाडू अंगावर येताना दिसले की काठी खाली टाकून मागे सरायचे. काठी सावरत उभे राहायचे नाही. जमिनीत घट्ट रोवलेल्या काठीने खेळाडूलाच इजा होऊ शकते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्याच्या संघटनेने एक मोठा निर्णय घेतला. हंगाम सुरू असताना सरावात पूर्ण ताकदीने एकमेकांवर आदळण्याची मर्यादा आठवड्याला ९० मिनिटांवरून १५ मिनिटांवर आणली गेली, आणि हंगामापूर्वीच्या सरावासाठी एकूण सहा तासांची मर्यादा ठरली. आमच्या प्रशिक्षकांपैकी काहींना हे पटले नव्हते. टॅकल करायला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडायला, शिकवायचे कधी, असे ते म्हणत. माझ्याकडे वेळ नोंदवण्याचे काम आले. घड्याळ कधी चालू करायचे यावर पहिल्या आठवड्यात बरीच चर्चा झाली, शेवटी प्रत्येक कवायतीचे नाव, सुरुवात आणि शेवट एका वहीत लिहून दर शुक्रवारी मुख्य प्रशिक्षकांची सही घ्यायची असे ठरले. ती वही पुढे एका पालकाच्या तक्रारीच्या वेळी उपयोगी पडली.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत माझ्या वर्गातील एका खेळाडूला कन्कशन झाले. सामन्यात त्याचे डोके जमिनीवर आपटले होते. खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या ॲथलेटिक ट्रेनरने त्याला लगेच बाहेर काढले आणि कायद्यानुसार त्या दिवशी परत जाऊ दिले नाही. सोमवारी तो वर्गात आला तो दिव्यांच्या प्रकाशाने डोळे मिटून घेत होता, आणि समीकरणाची दुसरी ओळ लिहीपर्यंत पहिली विसरत होता. राज्याच्या मार्गदर्शक धोरणात मैदानावर परतण्याच्या सहा पायऱ्या आहेत, आणि त्यांतली पहिली पायरी मैदानावरची नाहीच. कोणतेही लक्षण न जाणवता शाळेचा एक पूर्ण दिवस आणि नेहमीचा अभ्यास पार पडला पाहिजे, मगच हलका व्यायाम, मग खेळाच्या हालचाली, मग धक्काबुक्कीविना सराव, मग डॉक्टरांच्या लेखी परवानगीने पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. एखादे लक्षण परत आले तर एक पायरी मागे. म्हणजे पहिल्या पायरीचा साक्षीदार शिक्षक असतो. मी शाळेच्या नर्सला रोज दोन ओळी लिहून देत असे: किती वेळ वाचू शकला, कुठे थांबला, डोके दुखते म्हणाला का. मुलगा मला विनवत होता, "मिस, मी बरा आहे असे लिहा ना." थँक्सगिव्हिंगचा सामना जवळ आला होता; इथे काही गावांत त्या दिवशीची चुरस शतकाहून जुनी आहे, आणि शेवटच्या वर्षातील मुलासाठी तो सामना हुकणे म्हणजे काय हे मला कळत होते. तरी दिसले तेच लिहिले. तो सामना त्याने साध्या कपड्यांत कडेला उभे राहून पाहिला आणि पुढचे दोन आठवडे माझ्याशी कामापुरतेच बोलला.

२०२० चा हंगाम साथीमुळे ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि राज्य विजेतेपदाशिवाय संपला. त्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. अभ्यासिका ऑनलाइन चालली, आणि त्या वर्षी क्रेडिट कमी पडलेल्यांची यादी नेहमीपेक्षा लांब झाली.

जून २०२१ मध्ये बूस्टर क्लबच्या बैठकीला केवळ पाच पालक आले आणि त्यांनी मला अध्यक्ष व्हायची गळ घातली. बूस्टर क्लब हा शाळेचा विभाग नसतो. पालकांनी चालवलेली ती स्वतंत्र ना-नफा संस्था असते, जशी आपली महाराष्ट्र मंडळे असतात, आणि तिलाही देणगीवरील करसवलतीसाठी ५०१(सी)(३) हा दर्जा लागतो. शाळेच्या नोकरदाराने तिचा अध्यक्ष व्हावे का, यावर मतभेद आहेत. मी आधी सुपरिंटेंडंटांकडून, म्हणजे इथल्या शाळांच्या प्रमुख प्रशासकांकडून, लेखी परवानगी मागितली. ती एका अटीवर मिळाली. धनादेशावर माझी सही असणार नाही, आणि रोख रकमेला मी हात लावणार नाही. ही अट मला अपमानास्पद वाटली नाही, उलट त्या अटीमुळेच मी निर्धास्तपणे काम करू शकले. कोणा शिक्षिकेपुढे असा प्रस्ताव आला आणि अट घातली गेली नाही, तर तिने ती स्वतःहून मागून घ्यावी.

पहिल्याच आठवड्यात एका दुकानदाराने गुणफलकावरील जाहिरातीसाठी करसवलतीचे पत्र मागितले. ते सापडेना, म्हणून मी अंतर्गत महसूल सेवेच्या, म्हणजे आयआरएसच्या संकेतस्थळावर क्लबचा ईआयएन हा करविषयक ओळख क्रमांक टाकून शोध घेतला. क्लबचे नाव सापडले ते दर्जा आपोआप रद्द झालेल्यांच्या यादीत. ज्या लहान संस्थांची वार्षिक जमा साधारणतः ५०,००० डॉलरपर्यंत असते, त्यांना दरवर्षी फॉर्म ९९०-एन नावाचे, पाच मिनिटांत भरता येणारे ई-पोस्टकार्ड पाठवायचे असते. सलग तीन वर्षे ते पाठवले नाही, की तिसऱ्या वर्षाच्या मुदतीच्या तारखेपासून दर्जा आपोआप जातो. आमचे आर्थिक वर्ष ३० जूनला संपते, म्हणजे मुदत १५ नोव्हेंबर. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिसरी मुदत उलटली होती. कोणी लबाडी केली नव्हती. ज्या पालकांच्या घरच्या पत्त्यावर सरकारी पत्रे जात होती, त्यांचा मुलगा २०१८ मध्ये शाळा सोडून गेला, वर्षभरात कुटुंबही दुसऱ्या राज्यात गेले. मुले चार वर्षांत जातात आणि त्यांच्याबरोबर पालकही जातात. बूस्टर क्लबचा खरा आजार हाच आहे, आणि शिक्षकाची गरज लागते ती याच कारणासाठी, कारण जूननंतर सप्टेंबरमध्येही तो त्याच इमारतीत असतो.

माझी झोप काही रात्री उडाली होती, पण वाचत गेल्यावर मार्ग दिसला. २०१४ च्या एका महसूल कार्यपद्धतीनुसार लहान संस्थेला पूर्वलक्षी प्रभावाने दर्जा परत मिळतो. त्यासाठी रद्द झाल्याचे पत्र किंवा यादीतील प्रसिद्धी, यांपैकी जे नंतर झाले असेल त्यापासून १५ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि यापूर्वी कधी असा दर्जा गेलेला नसावा. आम्ही मुदतीत होतो. या दर्जासाठीचा छोटा अर्ज, फॉर्म १०२३-ईझेड, फक्त ऑनलाइन भरता येतो, शुल्क २७५ डॉलर, आणि त्यात पुनर्स्थापनेच्या भागात कलम ४ आणि कलम ७ असे दोन पर्याय येतात. कलम ४ निवडले तर दर्जा जुन्या तारखेपासून अखंड राहतो. कलम ७ निवडले तर तो अर्जाच्या तारखेपासून नव्याने सुरू होतो आणि मधल्या काळातील देणग्या अडचणीत येतात. घाईत चुकीची खूण करणारे पुष्कळ असतात, म्हणून हे सविस्तर लिहिले. जुलैच्या अखेरीस अर्ज गेला. उत्तर येईपर्यंत दोन महिन्यांहून जास्त काळ गेला, आणि त्या काळात आम्ही एकाही देणगीदाराला करसवलतीचे आश्वासन दिले नाही. ऑक्टोबरमध्ये पत्र आले. त्यावर जुनीच तारीख होती.

दरम्यान राज्याकडची बाजूही तपासली. न्यू जर्सीत संस्थेने वार्षिक अहवाल सलग दोन वर्षे दिला नाही तर तिची नोंदणी रद्द होऊ शकते. आमचा एकच चुकला होता, तो भरून टाकला. पत्रव्यवहारासाठी कोणाच्या घराऐवजी टपाल कार्यालयातील पेटी घेतली. जबाबदार व्यक्ती बदलल्यावर ६० दिवसांच्या आत आयआरएसला फॉर्म ८८२२-बी पाठवायचा असतो, त्याला शुल्क नाही, आणि तरी तो जवळजवळ कोणीच पाठवत नाही. बँकेने नव्या सह्यांसाठी बैठकीचे इतिवृत्त मागितले. ते सहीनिशी तयार असेल तर काम एका फेरीत होते. सामन्याच्या वेळी निम्मी रक्कम विजेत्याला देणारी सोडत आम्ही वर्षानुवर्षे काढत होतो. तिच्यासाठी राज्याच्या खेळ-सोडत नियंत्रण आयोगाकडे नोंदणी आणि नगरपालिकेच्या क्लार्ककडून परवाना लागतो, अठरा वर्षांखालील कोणालाही तिकीट विकता येत नाही, आणि सोडतीनंतर हिशेबाचा अहवाल द्यावा लागतो. नगरपालिकेच्या बैठकीचे वेळापत्रक पाहता हा अर्ज मे-जूनमध्येच देणे बरे.

कागदांपेक्षा माणसांची समजूत घालणे जड गेले. काही पालकांची पूर्वापार समजूत होती की, जो जितका निधी जमवेल तितकी रक्कम त्याच्या मुलाच्या शिबिराच्या शुल्कातून वजा व्हावी. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण करसवलत असलेल्या संस्थेला तसे करता येत नाही, कारण तो खासगी लाभ ठरतो. जिम्नॅस्टिक्सच्या एका बूस्टर क्लबचा दर्जा याच मुद्द्यावर काढून घेतला गेला आणि २०१३ मध्ये कर न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मी बैठकीत हे सांगितले तेव्हा एका गृहस्थांनी उघडपणे विचारले, "म्हणजे आम्ही राबायचे आणि फायदा घरी बसणाऱ्यांच्या मुलांना?" मी हो म्हटले. ज्या घरी आई दोन नोकऱ्या करते आणि शनिवारी गाड्या धुऊन निधी जमवायला येऊ शकत नाही, त्या घरच्या मुलालाही चांगले हेल्मेट मिळायला हवे, एवढेच माझे म्हणणे होते. हेल्मेट तीन-चारशे डॉलरच्या पुढे जाते, त्याची ठरावीक काळाने दुरुस्ती आणि पुनर्तपासणी करून घ्यावी लागते आणि दहा वर्षांपेक्षा जुने हेल्मेट दुरुस्तीवाले स्वीकारत नाहीत. त्या हंगामात दोन कुटुंबे क्लबमधून बाहेर पडली.

आणखी एक बाब शाळेच्या बाजूने आली. बूस्टर क्लबने मुलांच्या संघाला दिलेल्या सोयींच्या तोलाच्या सोयी मुलींच्या संघांनाही मिळाव्यात ही जबाबदारी टायटल नाइन या शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या कायद्याने शाळेवर असते, देणगी खासगी असली तरी. म्हणून क्लबने घेतलेली प्रत्येक मोठी वस्तू आधी ॲथलेटिक डायरेक्टरांना लेखी कळवायची आणि मग विकत घ्यायची, असा नियम आम्ही केला. नव्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा प्रस्ताव त्यामुळे चार महिने लांबला आणि शेवटी फुटबॉल, मुलींचा सॉकर आणि हॉकी अशा तिघांत मिळून तो आला.

तीन वर्षांनंतर मी पद सोडायचे ठरवले ते कंटाळून नव्हे. अध्यक्ष पालकच असावा असे माझे मत आहे. शिक्षकाने नोंदी, मुदती आणि फायली जपाव्यात. आता मी क्लबची बिनपदाची नोंदणी-सल्लागार आहे, अभ्यासिका चालूच आहे आणि शुक्रवारी साखळीचे काम करते. हस्तांतरासाठी एक तक्ता केला आहे: कोणता अर्ज, कोणाकडे, कोणत्या तारखेपूर्वी, कोणत्या लॉगिनने. त्यात शेवटच्या रकान्याने घोळ घातला. ई-पोस्टकार्ड भरण्याच्या प्रणालीत संस्थेच्या नव्हे, तर व्यक्तीच्या ओळखीने प्रवेश मिळतो, त्यामुळे माझा पासवर्ड देऊन भागत नाही. नव्या व्यक्तीला स्वतःची ओळख पडताळून स्वतःचे खाते उघडावे लागते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नव्या अध्यक्षा आणि मी सार्वजनिक ग्रंथालयात बसलो. खाते उघडायला त्यांचा वाहन परवाना आणि पाऊण तास लागला, ई-पोस्टकार्ड भरायला पाच मिनिटेही लागली नाहीत. नोंद स्वीकारल्याचा ईमेल दुसऱ्या दिवशी आला. त्याची छापील प्रत निळ्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे.